गोस्पावाचा विलाप

गोर्ने पोल्ये,
३ ऑक्टोबर २००९

चिरंजीव राडोसाव यास,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बटाटे काढून झाले, कोबी पिंपात मिठाला लावला. गुडघे कुरकुरतात, पण ते काय आजचं आहे?

तुझं पुस्तक पोचलं. आपल्या कुळाचा चारशे वर्षांचा इतिहास. कागद गुळगुळीत आहे. मधल्या पानावरचा तो वंशवृक्ष मी चष्मा लावून तीनदा वाचला. तीनशे बारा नावं, त्यात बाई एकही नाही. चौदा पिढ्या पुरुषांनाच दिवस जात होते म्हणायचं. वडिलांच्या नावाखाली एकच फांदी, ती तुझी.

यातल्या निम्म्या गोष्टी तुला मी सांगितल्या. तुर्कांशी लढाई चालली होती तेव्हा पणजी ओच्यात काडतुसं घेऊन डोंगर चढली, ती गोष्टही माझीच. तू छापलंस, ‘काडतुसे पोचवण्यात आली.’ कुणी पोचवली रे? गाढवानं?

फोनवर म्हणालास, “ताई, डोक्यात राख घालून घेऊ नकोस. आपल्याकडची रीतच आहे ती.” मला रीत शिकवतोस? मुलं किती, असं कुणी विचारलं की वडील म्हणायचे, “एक मूल. आणि माफ करा, दोन मुली.” मी तिथंच कॉफीचा ट्रे घेऊन उभी असायची. पाहुणे मान डोलवायचे.

आणि तुझ्याबद्दलचं पान. ‘१९६३च्या हिवाळ्यात लेखक गंभीर आजारातून बचावले.’ आपोआप बचावलास होय? तीन वर्षांचा होतास, श्वास घेता येत नव्हता तुला. वडील लांब कामावर गेलेले, आई अंथरुणाला खिळलेली. आपल्या मधल्या गोस्पावानं तुला पाठीशी बांधलं आणि कमरेएवढ्या बर्फातून निक्शिच शहरातल्या डॉक्टरांपर्यंत नेलं. बारा वर्षांची पोर. स्वतःची शालसुद्धा तुलाच गुंडाळली होती तिनं. आठव्या दिवशी न्यूमोनियानं गेली. वडील परत आले ते दारातूनच विचारते झाले, “मुलगा वाचला ना?”

तुला हे ठाऊक आहे. आईनं मरताना सांगितलं होतं. तरी एक ओळ लिहवली नाही तुझ्याच्यानं.

आता तुला ठाऊक नाही ते लिहिते. सेहेचाळीस वर्षांत कुणापाशी बोलले नाही. आईनं मला जायला सांगितलं होतं. मोठी मी होते, चौदा वर्षांची. मला लांडग्यांची भीती वाटली. पाय मुरगळला म्हणून खोटं बोलले आणि चुलीपाशी बसून राहिले. म्हणून ती गेली. तुझा राग येतो तो खराच आहे, पण त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे. तू निदान लहान होतास.

संत लुकाच्या सणाला सगळं कुळ गोळा करतो आहेस आणि मेलेल्यांना नावानं हाका मारत पूर्वजांसाठी मी विलाप म्हणावा, अशी तुझी इच्छा आहे. येईन. विलाप म्हणणाऱ्या बाईला कुणी मध्येच थांबवत नाही, हीदेखील आपल्याकडची रीतच. त्या तीनशे बारांतल्या एकालाही मी रडणार नाही. गोस्पावाला हाक मारीन. तिनं पाठीवर कुणाला नेलं ते सांगेन, आणि कुणी खोटं बोलून तिला पाठवलं तेही सगळ्यांसमोर सांगेन. तू टोपी काढून समोर उभा राहा.

तुला जिनं वाचवलं नाही ती बहीण,
स्तानिया