पिवळं ते आपलं

ती. आत्यास,

तुझ्या भाचीचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा जमिनीला टेकवायला अजून मनाई आहे, तेव्हा तूर्त सात अंगांवर भागव.) तुझी कंबर कशी आहे? पट्टा रोज लावतेस ना, की खुर्चीच्या पाठीला लावून ठेवला आहेस? मी बरी आहे. म्हणजे धावते, जिने उतरते आणि दिवसातून चार वेळा जेवते. पत्राचं कारण असं, की तुझा सल्ला हवा आहे. क्लबाशी असलेला माझा करार या महिन्यात संपतोय. नवा मिळाला तर खेळणं पुढे चालू ठेवायचं, की एकतिसाव्या वर्षी बूट खुंटीला टांगून, आई म्हणते तसं, शाळेत खेळाची शिक्षिका व्हायचं? आईने तर अटच घातली आहे, की पुन्हा गुडघा गेला तर उशाशी आत्यालाच बसावं लागेल, तेव्हा तिला विचारल्याशिवाय सही करायची नाही. मी बरं म्हटलं. तर आता सगळं नीट वाच आणि मग ठरव.

ऑपरेशननंतर तू अकरा दिवस दवाखान्यातल्या त्या लोखंडी खुर्चीत बसलीस (कंबर तिथेच धरली, मला ठाऊक आहे, तू बोलली नाहीस म्हणून काय झालं). त्यानंतर चार महिने नुसता व्यायाम आणि पुढचे पाच महिने राखीव खेळाडूंबरोबर सराव. सरावात दोन गट पाडतात. पहिल्या संघाच्या मुली क्लबाच्या निळ्या शर्टात, आणि आम्ही राखीव, दुखरे, लंगडे असा सगळा गोतावळा वरून पिवळी बंडी चढवतो. आता माझं काम मधल्या फळीतलं. मागून आलेला चेंडू घ्यायचा, मान वर करायची आणि दिसेल त्या आपल्या माणसाकडे सारायचा. विचार करत बसलं की चेंडू गेलाच म्हणून समज. आणि पाच महिने माझी आपली माणसं पिवळी होती.

गेल्या रविवारी बाईंनी (आमच्या प्रशिक्षक, त्यांना हसताना अजून कुणी पाहिलेलं नाही) मला पहिल्या अकरा जणींत घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, की हा एक सामना बघून तुझ्या कराराचं ठरवणार. मैदानात उतरले तर समोरचा संघ नखशिखांत पिवळा. खरं सांगते, बघून बरंच वाटलं गं. तिथेच शंका यायला हवी होती. पहिला पास मी चाळीस पावलांवर, सगळ्यांच्या डोक्यांवरून, थेट पायात नेऊन दिला. त्यांच्या मुलीच्या पायात. तिने हात वर करून माझे आभारसुद्धा मानले. दुसऱ्या वेळी मी वाऱ्याला दोष दिला (वारा नव्हता). तिसऱ्या पासवर त्यांनी गोल केला. आमच्या गोलकीपरने, म्हणजे जिला आम्ही तिजोरी म्हणतो तिने, माझ्याकडे असं पाहिलं की मी वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. नाडी सुटलेली नव्हती.

मध्यंतरात सगळ्या खोलीत परतलो. मी डोक्यावर टॉवेल घेऊन बसले आणि शाळेत मुलांना रांगेत कसं उभं करायचं याचा विचार करू लागले. तेवढ्यात कपडे धुणाऱ्या मावशी, ज्या खेळाबद्दल कधी चकार शब्द काढत नाहीत, बादली खाली ठेवून म्हणाल्या, “बाई, पाच महिने हिची पिवळी बंडी मी धुतेय. ती बिचारी आपल्याच माणसांना चेंडू देतेय.” सगळ्या पोट धरधरून हसल्या. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी मला बाहेरही बसवलं नाही. मग मी शर्टांकडे बघणंच सोडलं. चाल बघायला लागले. आमची डाव्या बाजूची मुलगी काखेत भाजीची पिशवी असल्यासारखी कोपर काढून पळते, आणि पुढची उंच मुलगी टाचा आपटत. आठ वर्षं बरोबर खेळलेय, त्या मला अंधारातही ओळखू येतील. दोघींना एकेक पास दिला, दोन गोल झाले आणि आम्ही जिंकलो. तिजोरीने मला उचलून गरागरा फिरवलं. (गुडघ्याला काही झालं नाही. आईला हे वाक्य आधी वाचून दाखव.)

सोमवारी बाईंनी त्यांच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर माझे ते तीन दिव्य पास, पुन्हा पुन्हा, आणि शेजारी क्लबाच्या डॉक्टरीणबाई गंभीर चेहऱ्याने. आता नारळ मिळतोय हे मी ओळखलं. बाई म्हणाल्या, “रंग चुकला, पाय नाही चुकला. दुखऱ्या गुडघ्याने चाळीस पावलांवर असा चेंडू पडत नाही. दोन वर्षांचा करार करू या.” आत्या, मी तिथे खुर्चीत बसून लहान मुलीसारखी रडले. मला अजून खेळायचं आहे गं, फार खेळायचं आहे.

आता तू सांगशील तसं. तुझ्या शब्दाबाहेर मी नाही. पूर्ण विचार कर, घाई करू नकोस.

तुझी आज्ञाधारक भाची

ता. क. : घाई कर. उत्तर लगेच पाठव आणि त्यावर गेल्या रविवारची तारीख घाल. सही मी सोमवारीच, रडता रडताच केली. आईने विचारलं तर ‘तिने मला आधीच विचारलं होतं’ एवढंच सांग.

ता. क. दुसरा : आणि मनात नाही असेल तर नाहीच लिही, माझ्यासाठी खोटं हो म्हणू नकोस. मी दोन दिवस रडेन आणि तरीही रविवारी खेळेन. पण मोकळ्या मनाने खेळायचं तर तुझं हो हवं आहे, आत्या.