ममताबाईंची अट

भाईंदर पश्चिम, रविवार

प्रिय विठू यास काशीनाथचा रामराम. आईंना साष्टांग नमस्कार सांग. तुझा गुडघा कुरकुरायचा थांबला असेल आणि वहिनींची कंबर ताळ्यावर असेल असं धरून चालतो. माझी तब्येत ठणठणीत आहे, डोकं तेवढं ठिकाणावर नाही. फोनवर सांगण्यासारखं नाही (आमच्या भिंती पातळ, शेजाऱ्यांचे कान तिखट), म्हणून लिहितोय.

आमची ही जाऊन सहा वर्षं झाली. बागेत फिरायला येणाऱ्या ममताबाईंबद्दल तुला बोललो होतोच. त्याही एकट्याच. गेल्या महिन्यात धीर करून लग्नाचं विचारलं. बाई हसल्या, हो म्हणाल्या आणि लगेच अट घातली की आधी दोघांनी रक्त तपासायचं. म्हटलं, शुगर तर मी नेहमीच तपासतो. तर म्हणाल्या, ''शुगर नाही हो. एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी.'' विठू, बत्तीस वर्षं पोस्टात काढली, कुणी बोट दाखवलं नाही, आणि आता साठीनंतर ही परीक्षा! मी रागावून उठलो (चहा मात्र संपवून).

तरी गेलो लॅबमध्ये. तिथल्या मुलीने भर गर्दीत हाक मारली, ''एचआयव्हीवाले अंकल कौन?'' बाकावरची सगळी डोकी वळली. त्यातलं एक आमच्या खालच्या मजल्यावरच्या जिजाबाईंचं, दुसरं सोसायटीचे चेअरमन सुभाषराव यांचं. संध्याकाळी सुभाषरावांनी सुचवलं की काही दिवस सोसायटी ऑफिसातलं टॉयलेट मी वापरू नये आणि मीटिंगला चहाचा कप घरून आणावा. तेवढ्यात जिजाबाई (मूळच्या इथल्याच, मासेमारीवाल्या घरातल्या, आवाज भरतीचा) कडाडल्या, ''त्यात लाजाचा काय हाय? माझे सुनंच्या पोटात पोर होता तवा तिची पन हीच टेस्ट केलेली!''

मग सरकारी दवाखान्यात समुपदेशनासाठी गेलो. समिधा नावाची मुलगी, माझ्या लेकीच्या वयाची. (तिच्यासमोर कुठे बघावं ते कळेना, म्हणून पंख्याकडे बघत बसलो.) ती म्हणाली, कपातून नि टॉयलेटमधून हे रोग पसरत नाहीत. पुष्कळांना वर्षानुवर्षं काहीच लक्षण दिसत नाही, म्हणून तपासायचं. काही औषधाने पूर्ण बरे होतात, पण उपचार दोघांनी घ्यायचे. काही बरे होत नाहीत, तरी गोळ्यांनी काबूत राहतात. वर कंडोम वापरा म्हणाली. मी पंख्यालाच सांगितलं, ह्या वयात मूल थोडंच होणार आहे? तर म्हणते, ''काका, जंतू जन्मतारीख विचारत नाहीत.'' हे सगळं लिहून मी सोसायटीच्या बोर्डावर लावलं. सुभाषरावांनी वीस मिनिटांत काढलं. जिजाबाईंनी परत लावलं. दिवसभर हाच खेळ.

आता तूच सांग, ह्या वयात हा उपद्व्याप कुणी सांगितलाय? लग्नबिग्न काही नको. एकटा आहे तो बरा आहे.

तुझा,
काशीनाथ

ता. क. माझे रिपोर्ट निर्मळ आले. ममताबाईंना हिपॅटायटिस बी निघाला. फाईल घेऊन बागेत स्वतः सांगायला आल्या. ''तुम्ही मोकळे आहात,'' म्हणाल्या. जुन्या ऑपरेशनच्या रक्तातून आला की नवऱ्याकडून, त्यांना ठाऊक नाही. मीही विचारलं नाही. लस कुठे मिळते तेवढं विचारलं. पहिला डोस घेतलाय, दंड दुखतोय. त्यांचे लिव्हरचे डॉक्टरही सुरू झालेत.

ता. क. २. पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला रजिस्टर लग्न आहे. साक्षीदार तीन लागतात. जिजाबाई आणि ममताबाईंची बहीण आहेत, तिसरा तू. लसीचे तिन्ही डोस होऊन रक्तात ती लागू पडल्याचं कळेपर्यंत कंडोम वापरायचाय, पण दोनदा केमिस्टकडे गेलो आणि दोनदा इसबगोल घेऊन आलो. तुझ्या गावात मला कुणी ओळखत नाही. येताना तेवढी पाकिटं आण.

ता. क. ३. पाकिटं राहू दे. ममताबाई आत्ताच जाऊन घेऊन आल्या. मोठ्याने मागितली म्हणे. तू फक्त आधार कार्ड आण.