नाही म्हणण्याचा सराव

दि. ३ मार्च

ती. बाबांना साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. आईंच्या गुडघ्याचा शेक सोडू नका, त्या कंटाळल्या तरी. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, मी वेळेवर जेवते आणि झोपतेही. इतकी झोपते की शेजारच्या काकू मधूनमधून दार वाजवून बघून जातात.

हे गेल्यावर मी आता पुन्हा कामावर जाऊ लागले. धुलाईच्या कारखान्यात सगळं होतं तसंच आहे. दवाखान्यांच्या चादरी येतात, मी घड्या घालते. ह्यांची ती इस्त्रीची मोठी मशीन माझ्या टेबलावरून दिसते. तिच्यावर नवा मेकॅनिक आला आहे. चांगला आहे बिचारा. मी दिसले की हातातला पाना उगीच खाली ठेवतो.

चौकशीचा निकाल लागला. ह्यांनी चालू रोलरमध्ये अडकलेली चादर काढायला हात घातला, तो त्यांचाच निष्काळजीपणा, असं ठरलं आहे. आमचे फोरमन सारखी शिट्टी वाजवत फिरायचे म्हणून सगळे त्यांना शिट्टीसाहेब म्हणतात. आपण त्या वेळी तिथे नव्हतोच, असं त्यांनी सांगितलं म्हणे. हल्ली ते शिट्टी वाजवत नाहीत. निकाल ऐकून मला काहीच झालं नाही. जाऊन घड्या घातल्या.

पुढच्या आठवड्यात आम्हा सगळ्यांना प्रशिक्षण आहे. कामावर योग्य काय, अयोग्य काय, ते कसं ठरवायचं, हे शिकवणार आहेत. नोकरी सोडून तिकडे ये म्हणालात, त्याला मी फोनवर बरं म्हटलंच आहे.

आईंना नमस्कार. माया आहे तशी असू द्या.

तुमची सून

दि. ९ मार्च

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

शेकाचं तुझ्या सासूला वाचून दाखवलं. लगेच पिशवी गरम करायला उठली. या घरात सुनेचा धाक चालतो, नवऱ्याचा नाही.

निकालाचं वाचलं आणि पत्र घडी करून ठेवलं. संध्याकाळी पुन्हा काढलं. माझी हयात मशीनवर गेली. त्याला कळायला लागल्यापासून एकच सांगत आलो, आधी बटण बंद, मग हात. मिक्सर धुतानाही तो प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवायचा आणि आपण सगळे त्याला हसायचो. असा माणूस चालू रोलरमध्ये हात घालतो कसा? मला बाकी काही नको. तो शिकवलेलं विसरला का, एवढंच कळायला हवं. तुझी सासू म्हणते, कळून काय तो परत येणार आहे? येणार नाही. तरी कळायला हवं. तुला काही ठाऊक असलं तर लिही. नसलं तर राहू दे.

तुझी खोली आवरली आहे. पडद्याचा रंग तिने निवडला आहे, तेव्हा आवडला नाही तरी छान म्हण.

पुन्हा तेच विचारलं म्हणून आमच्यावर रागावू नये, हेच मागणं.

तुझे बाबा

दि. १६ मार्च

ती. बाबांना साष्टांग नमस्कार वि. वि.

प्रशिक्षण झालं. शिकवायला बाहेरून एक हसऱ्या बाई आल्या होत्या. सकाळभर ऑफिसातलं पेन घरी न्यावं का वगैरे चाललं. मागच्या रांगेत डुलक्या सुरू होत्या. दुपारी प्रसंग करून दाखवायचे होते. चिठ्ठ्या उचलल्या. मला साहेब आला आणि शिट्टीसाहेबांना कामगार. प्रसंग असा की मशीनमध्ये कापड अडकलं आहे, साहेब म्हणतात मशीन न थांबवता काढ, आणि कामगाराने नम्रपणे पण ठाम नकार द्यायचा.

बाईंना ह्यांच्याबद्दल कुणी काही सांगितलंच नव्हतं. खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी तोंड उघडलं नाही. मीही नाही. उभी राहिले.

बाई म्हणाल्या, घाबरू नका, अगदी साहेबांसारखं बोला. मला फार विचार करावा लागला नाही. हे रोज घरी येऊन शर्टाची बटणं काढता काढता शिट्टीसाहेबांची नक्कल करायचे. तेच तोंडातून आलं. की अरे राजा, दोन मिनिटांचं काम, त्याच्यासाठी रोलर थंड करतोस? परत तापेपर्यंत अर्धी पाळी जाईल. वर काय सांगू, माझा मेकॅनिक चादरीला घाबरतो? कारखान्यात अरे राजा ते एकटेच म्हणतात. कुणी हसलं नाही.

त्यांचं वाक्य चिठ्ठीवर तयार होतं. नाही साहेब, मशीन बंद केल्याशिवाय मी हात घालणार नाही. नुसतं वाचायचं होतं. ते चिठ्ठीकडे बघत राहिले आणि बरं साहेब म्हणाले. बाई हसून म्हणाल्या, चुकलं, पुन्हा करू या. ते पुन्हा बरं साहेबच म्हणाले. मग खाली बसले आणि म्हणाले, तो असंच म्हणाला होता. बाई विचारत राहिल्या, तो म्हणजे कोण.

दुसऱ्या दिवशी ते मॅनेजरच्या खोलीत गेले. मी तिथे होतो आणि मीच सांगितलं, असं लिहून देऊन आले. चौकशी पुन्हा उघडणार आहे. येताना माझ्या टेबलापाशी थांबले. मी त्यांच्या हातात चादरीचं दुसरं टोक दिलं. थोड्या घड्या घातल्या आम्ही, मग ते गेले.

बाबा, हे विसरले नव्हते. ह्यांनी बरं म्हटलं.

वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. पण एक सांगायचं आहे. फोनवर तुम्हाला मीही नुसतं बरं म्हटलं होतं, ते मनातलं नव्हतं. मी नोकरी सोडून येणार नाही. चौकशी संपल्यावरही नाही.

रागावू नका असं तुम्ही लिहिलंत, आता तेच मी लिहिते.

तुमची सून

दि. २२ मार्च

चि. सूनबाईस आशीर्वाद.

तुझं ‘नाही’ पोचलं. तुझी सासू दुपारभर भांडी आपटत होती. जेवताना म्हणाली, पडदा माझ्याच खोलीला लावते, तिला नाहीतरी आवडला नसता. म्हणजे निवळली.

तो विसरला नव्हता. पत्र उशाशी ठेवलं आहे. आज झोप लागेलसं वाटतं.

त्याने मला कधी ‘नाही’ म्हटलं होतं, ते आठवत बसलो होतो. तिलाही विचारलं. तिलाही आठवेना. आम्ही चारचौघांत कौतुकाने सांगायचो, आमचा मुलगा कधी उलटून बोलत नाही.

पुढच्या महिन्यात आम्हीच तुझ्याकडे यावं म्हणतो. तुला नको असेल तर तसं लिही. नुसतं बरं लिहू नकोस.

तुझे बाबा