सखूच्या नव्या वहाणा

शेळगाव, माघातला शनिवार, १९५६

संताप अजून उतरत नाही. तालुक्याच्या शर्यतींआधी शाळेत पालकांना बोलावून बजावलं होतं, पोरांना हलकं खायला घाला, आदल्या दिवशी रानात राबवू नका. पायात काय घालायचं हेही सांगायला हवं होतं? जन्मभर अनवाणी पळणारी आमची सातवीतली सखू आज इंदापुरात शेवटची आली. बापानं, म्हादबानं, तिला कोऱ्या करकरीत वहाणा घातल्या होत्या.

"मास्तर, तालुक्याच्या गावात पोर अनवाणी? लोकं काय म्हनतील?"

लोकं! त्या वहाणांची फटफट ऐकून लोकं हसलीच की.

परतताना सखूनं वहाणा काढून बापाकडं दिल्या आणि आमच्या बैलगाडीपुढं सुसाट सुटली. वहाणा काखेत मारून म्हादबा मला म्हणतो, "बघा मास्तर, कशी पळतीया!"