डाव्या पायाची चप्पल आणि सिंटची संध्याकाळ

यर्सेके
१८ ऑक्टोबर १९८४

चि. रिनुस यास,
एका पायाच्या ताईचे दोन्ही हातांनी आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चार पानं आहेत. मी ती उलटीसुलटी करून पाहिली, पाकिटात बोट घालून चाचपलं, म्हटलं विनोद आत कुठे चिकटून राहिला असेल. काही नाही. नुसती हळहळ. अरे मेल्या, तू ग्रोनिंगनला रेल्वेत लागलास तेव्हापासून आपला नेम आहे की पत्रात शेवटी एक तरी विनोद नाहीतर गावातली एखादी गंमत घालायचीच. बाबा गेले त्या आठवड्यातसुद्धा तू पाद्रीबुवांच्या कुत्र्याची गोष्ट लिहिली होतीस आणि आई ती वाचून स्वयंपाकघरात तोंड दाबून हसली होती. आणि आता माझा गुडघ्याखालचा एक पाय काय गेला, तुझ्या लेखणीला लकवा झाला.

आधी माझी बातमी. साखरेने पाय गेला, डावा. दवाखान्यातून घरी येऊन दहाएक दिवस झाले. पायासाठी रडायचं ते मी तिथेच रडून घेतलं, चांगलं भोकाड पसरून, पलीकडच्या खाटेवरच्या बाईने उशी कानावर घेतली इतकं. ते संपलं. आता माझ्या वाटचं रडणं दुसऱ्या कुणी करायचं कारण नाही.

पण ऐकतंय कोण? आमच्या गुरुवारच्या कॉफीवाल्या तुला ठाऊक आहेत. रोज सकाळी दहाच्या आत एकमेकींना फोन करून एक विनोद सांगायचा आणि ठेवून द्यायचा, हा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आता फोन वाजत नाही. त्याऐवजी शेजारची डिंगेना सूप घेऊन येते आणि कुजबुजते. माझा पाय गेलाय, कान आहेत दोन्ही, असं मी तिला सांगितलं. परवा तिघी आल्या तेव्हा मीच वातावरण मोकळं करावं म्हणून सांगितलं की मी खुस गावच्या चपलेवाल्याकडे गेले आणि एका पायाची अर्ध्या किमतीत दे म्हणाले, तर तो म्हणतो डावीचं मी काय करू. यात रडण्यासारखं काय आहे तूच सांग. तिघींनी एकदम रुमाल काढले. मी त्यांना सूपासकट घराबाहेर घालवलं.

पुढच्या पत्रात विनोद नसेल तर मी ते न फोडता परत पाठवीन. लोभ ठेव, काळजी ठेवू नकोस.

तुझी,
क्रीनाताई


ग्रोनिंगन
२७ ऑक्टोबर १९८४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं. विनोद लिहायला तीनदा बसलो, तिन्ही कागद फाडले. लिहायला घेतलं की तू नजरेसमोर येतेस, वरच्या मजल्यावर त्या शिडीसारख्या जिन्याने चढताना. माझं मन लागत नाही गं. तुला खोटं लिहून काय करू?

तुझ्या लेकीचा, आनेलूसचा, फोन आला होता. तिचं म्हणणं तुला तिने सांगितलंच असेल. खुसला तिच्या घराजवळ ज्येष्ठांसाठी नवीन वसतिगृह झालंय, जिना नाही, दिवसरात्र नर्स, आणि जानेवारीत एक खोली रिकामी होतेय. ताई, पोरगी तुझ्या काळजीने अर्धी झालीय. यर्सेकेचं घर तुझा जीव की प्राण आहे हे मला कळतं, पण बर्फ पडल्यावर तू एकटी तिथे काय करशील? मला विचारशील तर आनेलूस बरोबर बोलतेय. तू रागावशील, तरी लिहितो.

माझा खोकला बरा नाही. डॉक्टरांनी हिवाळाभर प्रवास बंद केलाय, त्यामुळे पाच डिसेंबरला, सिंट निकोलसच्या संध्याकाळी, मी येऊ शकणार नाही. माझी भेटवस्तू आणि कविता टपालाने पाठवीन.

विनोद नाही म्हणून पत्र परत पाठवू नकोस, हात जोडतो. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
रिनुस


यर्सेके
२ नोव्हेंबर १९८४

चि. रिनुस यास,
आशीर्वाद या वेळी हातचे राखून देतेय.

परत नाही पाठवलं, कारण आत काय लिहिलंय ते बघायचं होतं. बघितलं. पाय माझा गेला आणि लंगडतोस तू.

नीट ऐक, कारण हे मी एकदाच लिहिणार. माणसं ज्याची थट्टा करतात, त्याला काही ठरवताना विचारतात. ज्याची कीव करतात, त्याच्या डोक्यावरून बोलतात. गेले दोन महिने माझी कुणी थट्टा केली नाही, आणि बघ, माझी खोलीसुद्धा ठरली. जिना किती पायऱ्यांचा आहे, पलंग तिकडे मावेल का, कपाट मावेल का, सगळं बघून झालं. आनेलूसने पट्टी आणून कपाट मोजलं तेव्हा मी त्याच खोलीत बसले होते रे. तिने कपाटाला हात लावून विचारलं असतं तर कपाटानेही काहीतरी उत्तर दिलं असतं. मला विचारलं नाही.

मी जाणार नाही. जिना मी चढते. पायरीवर बूड टेकायचं, हातांनी रेटायचं, वरच्या पायरीवर बूड टेकायचं. वर पोचल्यावर खालची खाडी दिसते, शिंपल्यांच्या होड्या दिसतात, ते बघण्यासाठी एवढा खटाटोप मला परवडतो. बर्फ पडला तर घरात बसेन, बर्फात दोन पायांची माणसंही घरातच बसतात.

आता गंमत. चपलेवाला अडून बसला म्हणून मी पेपरात जाहिरात दिली. उजवा पाय नसलेली, एकोणचाळीस मापाची बाई पाहिजे, चपला वाटून घेण्यासाठी. काय सांगू, उत्तर आलं. मिडेलबर्गची एक विधवा आहे, तिचा उजवा पाय बोटीच्या दोरात गेला. बाईची आवड जरा भडक आहे, तिला लाल हवी आणि मला काळी, त्यावर आमची फोनवर घासाघीस चाललीय. पण ती पहिल्याच फोनवर म्हणाली की तुमचा पाय कसाय, माझा तर अजून पत्ता नाही. इतक्या दिवसांनी कुणीतरी माझ्याशी माणसासारखं बोललं, रिनुस. मी फोन ठेवला आणि खूप वेळ हसत बसले.

सिंटच्या नावाने कुणी कुणाला भेट आणि टोमण्यांची कविता द्यायची, त्याच्या चिठ्ठ्या आम्ही उचलल्या. मला कोण आलंय ते सांगणार नाही. कळेलच.

लोभ चालू राहील की नाही, ते तुझ्या कवितेवर ठरेल.

तुझी,
क्रीनाताई


खुस
१४ नोव्हेंबर १९८४

ती. रिनुसमामांस,
सा. न. वि. वि.

खोकला कसा आहे? लिंबू-मध घेत जा. इकडे पोरं मजेत आहेत, घरभर मसालेदार बिस्किटांचा वास सुटलाय आणि सिंटच्या दिवशी पोरांना द्यायची चॉकलेटची अक्षरं लपवून ठेवायला आता जागा उरली नाही.

मामा, आईपुढे मी हात टेकले. रविवारी मी गेले तेव्हा ती जिन्यात मधोमध बसून सफरचंद खात होती. म्हणाली, हे माझं विश्रांतीचं स्टेशन आहे, इथे गाडी दहा मिनिटं थांबते. मला जिन्याखाली उभ्या उभ्या घाम फुटला. ती पडली तर? तिथे तिला कोण उचलणार? ती म्हणते मी तिला विचारलं नाही. मला विचारायची भीती वाटते, कारण ती नाही म्हणणार हे मला माहीत आहे, आणि मग मी काय करायचं? बाबा गेल्यावर मला आईशिवाय कोण आहे?

एका कामासाठी लिहितेय. चिठ्ठ्या काढल्या तेव्हा तुमच्या वतीने मी उचलली, तुम्हाला आई आली आहे. एरवी सिंटच्या कवितेत टोमणे मारायचे असतात हे मला ठाऊक आहे, तुम्ही दोघं तर त्यात कुणाला हार जात नाही. पण यंदा घरात सगळ्यांना मी सांगून ठेवलंय की आईच्या बाबतीत पायाचा उल्लेख नको, थट्टा नको. तुम्ही काहीतरी गोड लिहा. तिच्या हिमतीबद्दल, आजवर तिने सगळ्यांसाठी केलेल्या कष्टांबद्दल, आता विसावा घ्यावा अशा अर्थाचं. तुमचं ती ऐकेल.

मामींना नमस्कार. तुमची छाया आमच्यावर राहो.

तुमची,
आनेलूस


ग्रोनिंगन
२१ नोव्हेंबर १९८४

चि. आनेलूस हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मध घेतोय, लिंबू मामी विसरते.

तू सांगितलंस तसं लिहायला बसलो. हिंमत, कष्ट, विसावा. चार ओळी छान जमल्या. मामीला वाचून दाखवल्या तर तिने चष्मा काढला आणि विचारलं की हे दगडावर कोरायचंय का, आणि क्रीना कधी गेली. मग मला कळलं की ताई माझ्यावर का चिडली होती. मी आगगाड्यांना सिग्नल देत आयुष्य घालवलं, पण समोरची गाडी चालू आहे की थांबलीय एवढं मला या वेळी दिसलं नाही.

तुझी भीती खरी आहे, बाळा. मलाही तीच भीती आहे, म्हणून तर मी गोड गोड लिहीत बसलो होतो. पुडकं वेळेवर पोचेल. आत काय आहे ते सिंट आणि त्याची लेखणी बघून घेतील, मला विचारू नकोस. आणि त्या रात्री तुझ्या वाटेला जे येईल तेही नियमाप्रमाणे मोठ्याने वाच.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
रिनुसमामा


यर्सेके
७ डिसेंबर १९८४

चि. रिनुस यास,
या वेळी आशीर्वाद भरभरून, पोत्याने.

तुझं पुडकं दोनदा बांधलेलं होतं, आत वर्तमानपत्रं, त्याच्या आत भुसा, आणि त्याच्या आत लोकरीचा एकच मोजा. उजव्या पायाचा. आनेलूसचा चेहरा पांढराफटक पडला. जावईबापू खिडकीबाहेर बघू लागले. मी चष्मा चढवला आणि नियमाप्रमाणे सगळ्यांदेखत वाचलं. तुझ्या ओळी मी भिंतीवर लावल्यात, इथे पुन्हा लिहिते, कारण लिहिताना परत मजा येते:

सत्तर वर्षं दोन पायांनी गावभर ही हिंडली,
एक पाय गेला तरी डॉक्टरांशी भांडली.
सुरी त्यांची धारेची, पण जीभ तिची भारी,
पाय घेऊन पळून गेली डॉक्टरमंडळी सारी.
एक मोजा धाडतो आहे, दुसरा मागू नये,
म्हाताऱ्या या सिंटला तिने उगीच फसवू नये.

मग जावईबापूंच्या नाकातून आवाज निघाला, आणि मी जी हसत सुटले ती खुर्चीचा दांडा धरून. पोरंही हसली. आनेलूस हसली नाही. ती मोजा हातात घेऊन बसली होती.

मग तिची पाळी आली. मला चिठ्ठीत तीच आली होती, रिनुस. भेट म्हणून मी मोजपट्टी दिली होती, कपाटं मोजायची, लाल फीत बांधून. कविता अशी:

छपरावरून सिंट निकोलस डोकावतो खाली,
आनेलूसने आईची बघा सोय छान केली.
कपाट मोजलं, पलंग मोजला, पडदे काढले धुवायला,
आईच उरली मधोमध, तिला कुठे ठेवायला?
चिठ्ठी लावा तिच्यावरती, ‘फुटेल, जपून न्या’,
वरची बाजू कोणती ते विचारून तरी घ्या.

ज्याचं नाव त्याने वाचायचं, रागवायचं नाही, शेवटी सिंटचे आभार मानायचे. हा नियम मी केलेला नाही, माझ्या आजीच्याही आधीचा आहे. पोरगी वाचत गेली. ‘विचारून तरी घ्या’पाशी थांबली. तिने ती ओळ परत वाचली, या वेळी हळू. मग माझ्याकडे बघून तिने सिंटचे आभार मानले, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली, लहानपणी रडायची तशी. म्हणत होती की आई तू पडशील, आई तू पडशील. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. पडेन, असं मी तिला सांगितलं. माणूस पडतं. पडले तर उठेन, नाही उठता आलं तर डिंगेनाला हाक मारीन, तिचे कान कुजबुजून कुजबुजून तल्लख झालेत. पण मी पडायचं ते माझ्या घरात पडेन.

तिने नाकडोळे पुसले. मग तिने विचारलं. खरंच विचारलं, रिनुस, कपाटाला नाही, मला. मला काय हवंय म्हणून. मी म्हणाले, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, खाली एक घंटा, आणि रोज सकाळी दहाच्या आत फोन. वसतिगृहाला तिने आज कळवलं की खोली दुसऱ्या कुणाला द्या.

आज सकाळी पावणेदहाला फोन वाजला. आनेलूस होती. घसा खाकरून तिने सांगितलं की एका बेल्जियन माणसाने यर्सेकेहून पेटीभर शिंपले नेले आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिले, तक्रार अशी की एकूणएक बंद निघाले. मग ती थांबली आणि मला समजावून सांगू लागली की आई, ताजे शिंपले बंदच असतात ना, शिजवल्यावर उघडतात ना, म्हणून ते गमतीचं आहे. मला. यर्सेकेच्या बाईला. हसून हसून माझं पोट दुखलं. मी म्हणाले विनोद जुना आहे, सांगण्यात तू पार माती केलीस, उद्या याहून बरा आण. ती म्हणाली आणते.

लोभ आहेच, तो सांभाळ. खोकल्याला मध घे आणि बायकोला लिंबाची आठवण कर, ती विसरते असं आनेलूस सांगत होती.

तुझी,
क्रीनाताई