आडवी सुरी

आई, रविवारी दुपारची भांडी घासून झाली की तू ओटा कोरडा पुसायचीस, जुन्या खिडकीची काच त्यावर ठेवायचीस आणि मला हाक मारायचीस, "ये गं, पट्टे ओढू." बाबा तळोज्याला शिफ्टवर. धाकटा पलंगाखाली काड्यापेट्यांची गाडी चालवतोय. फोडणीचा वास अजून स्वयंपाकघरात आहे आणि तू काचेवर ट्यूबमधला निळा पिळतेस, त्यात पिवळ्याचा ठिपका टाकतेस आणि सुरीच्या पात्याने तो रंग असा रगडतेस की मला वाटतं, काचच विरघळेल. मग कागदावर तुझा एक पट्टा, वरून खाली. त्याला खेटून माझा. मग तू कागद खिडकीपाशी नेतेस, डोळे अर्धे मिटतेस. मी श्वास धरून उभी. "फेल," तू म्हणतेस, आणि काच पुसायला घेतेस.

तुझ्या कामातलीच ती रीत होती, हे मला फार उशिरा कळलं. रबाळ्याच्या छपाईच्या शाईच्या कारखान्यात तू लॅबमध्ये होतीस. पातं लवचिक, मूठ लाकडी अशी सुरी दिवसभर तुझ्या हातात. ठरलेल्या शाईचा एक पट्टा, नव्या घाण्यातल्या शाईचा दुसरा, दोन्ही शेजारी शेजारी ओढायचे. पहिल्याला तुम्ही स्टँडर्ड म्हणायचात, दुसऱ्याला बॅच. दोन पट्ट्यांमधली रेघ दिसेनाशी झाली की बॅच पास. पातं झिजलं म्हणून टाकून दिलेली सुरी तू मागून घरी आणलीस आणि तिने जलरंग लावायला लागलीस. ब्रश तुझ्या हातात कधी बसलाच नाही. जलरंग म्हणजे पातळ, वाहता, अशी सगळ्यांची समजूत. तू ट्यूबमधून काढलेला घट्ट रंग ओलसर कागदावर लोण्यासारखा ओढायचीस, पात्याच्या कडेने खरवडून गवताची पाती काढायचीस, आणि कोरडं झाल्यावर ते चित्र तेलरंगातलंही वाटायचं नाही आणि जलरंगातलंही. शेजारच्या काकू दारातून डोकवायच्या. "काय हो, सँडविच करताय की चित्र?" तू वर न बघता म्हणायचीस, "बसा, तुम्हालाही देते एक."

तुझं ते हसू मला फार आवडायचं. ते नाकारायला मी बसलेली नाही. कॉन्व्हेंटमध्ये ड्रॉइंगच्या सिस्टरने माझ्या हातात सुरी पाहिली आणि सगळ्या वर्गासमोर सांगितलं की हिने घरी टोस्टला जॅम लावावा. तेव्हा तू रजा टाकून शाळेत आली होतीस. इंग्रजी येत नव्हतं तरी आलीस, कडक इस्त्रीची साडी नेसून, आणि सिस्टरच्या टेबलावर स्वतःची चार चित्रं मांडून गप्प उभी राहिलीस. सिस्टरने पुन्हा कधी जॅमचं नाव काढलं नाही. त्या दिवशी घरी जाताना मी तुझा हात सोडला नव्हता. म्हणूनच पुढचं इतकं लागलं असेल.

तुझा नियम एकच होता. वरून खाली. "आडवं कधी ओढायचं नाही. आडव्यात जाडी कळत नाही, रंग खोटा बोलतो." तुझी सगळी चित्रं उभी आहेत, आई. उभी झाडं, उभ्या भिंती, पाण्यात उतरलेल्या उभ्या सावल्या. मी मात्र मनातल्या मनात पातं झोपवून बाजूला ढकलत असायचे. बारावीनंतर मला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. तू म्हणालीस, आधी काहीतरी करून दाखव. म्हणून मी एका सकाळी ओहोटीच्या वेळी खाडीवर गेले. चिखलात उतरले, डावी चप्पल आत राहिली ती राहिलीच. घरी येऊन बाल्कनीत बसले आणि कागदभर चिखलाचा राखाडी ओढला. ओल्या रंगाची चमक जाता जाता एक क्षण असतो. त्याआधी खरवडलं तर रंग परत वाहून येतो, नंतर खरवडलं तर कागद सोलतो. तो क्षण मला सापडला. मी सुरी झोपवली आणि आडवी ढकलली. रंग बाजूला झाला, खालचा कागद उजळला आणि चिखलातून पाण्याची एक वाट निघाली. मग दुसरी. मग पलीकडची बारीक.

मासळीवाली मावशी दारात टोपली उतरवत होती, तिने बाल्कनीत मान घातली. "कोनी काढलंय गो?" मी म्हटलं, मी. "पानी कुठं हाय त्यात? सगला चिखलच काढलास!" आणि खो खो हसली. मला केवढा आनंद झाला होता. ती एकच साक्षीदार, आणि तीही आता नाही.

तू संध्याकाळी आलीस. पायातली एक चप्पल कुठे गेली म्हणून आधी रागावलीस. मग चित्र उचलून खिडकीपाशी नेलंस. बराच वेळ उभी होतीस. पास नाही, फेल नाही. "मातकट झालंय जरा," म्हणालीस आणि ते दोन वर्तमानपत्रांत घालून ठेवून दिलंस. मी स्वयंपाकघरात तुला पोळ्या लाटून देत होते आणि वाट बघत होते, की आता बोलेल, आता बोलेल.

त्यानंतर काही महिन्यांनी कारखान्याचा वार्षिक समारंभ होता. तू मला मुद्दाम घेऊन गेलीस. मंचावर नव्या वर्षाचं कॅलेंडर टांगलेलं, त्यांच्याच शाईत छापलेलं. त्यावर माझी खाडी. खाली तुझं नाव. टाळ्या झाल्या. मी वेफर्सचं पाकीट धरून खालीच उभी होते. मला वाटलं, चूक झालीय, आई आत्ता सांगेल. तू पदर सावरत वर गेलीस, नारळ घेतलास, खाली आलीस. तेवढ्यात तुमचे मोठे साहेब आले आणि त्यांनी इंग्रजीत विचारलं, या पाण्याच्या आडव्या रेषा कशा काढल्या? तुला प्रश्न कळला नाही. तू माझ्याकडे बघितलंस. "सांग ना साहेबांना."

आणि मी सांगितलं, आई. तुझ्या पैशांनी शिकलेल्या स्वच्छ इंग्रजीत, सिस्टरने घोटून घेतलेल्या उच्चारांत. माझी आई म्हणते की सुरी झोपवायची. माझी आई म्हणते की रंगाची चमक जाता जाता ढकलायची. साहेब माना डोलवत होते. तू हसत उभी होतीस. मी काय बोलतेय ते तुला समजत नव्हतं, आणि समजलं असतं तरी ते तुला येत नव्हतं. तू आयुष्यात एकही आडवा पट्टा ओढला नव्हतास.

बसमध्ये तू म्हणालीस, "कामगारांचीच चित्रं छापतात ते. तुझं नाव दिलं असतं तर छापलंच नसतं. आणि घरातलंच आहे ना?" मी हो म्हटलं. हे कारण मला अजूनही पटतं. त्या एका दिवसापुरतं मी तुला नाव दिलंही असतं. पण घरी आल्यावर, दार लावल्यावर, ओट्याशी आपण दोघीच असताना तू एकदा तरी म्हणायला हवं होतंस की पोरी, ते तुझं आहे. तू म्हटलं नाहीस. पुढच्या रविवारी काच काढलीच नाहीस, त्याच्या पुढच्याही नाही. कॉलेजचा विषय मी काढला तर म्हणालीस, "त्यात काय भविष्य आहे? बी.कॉम. कर." मला बघायला पाहुणे आले तेव्हा चित्र फ्रेम होऊन भिंतीवर होतं. कोपऱ्यात तुझी सही. होणाऱ्या सासूने विचारलं आणि तू म्हणालीस, "अहो, असंच, वेळ जात नाही म्हणून काढते." मी पोह्यांची बशी त्यांच्यापुढे धरली. हिला काही येतं का चित्रकलेतलं, असं त्यांनी विचारल्यावर तू काय म्हणालीस आठवतंय? "तिला नाही हो तेवढी आवड."

तू गेलीस त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी तुझ्यावर चिडायचं सोडून दिलं होतं, निदान तसं मला वाटत होतं. आमचे हे गेल्यावर मी याच घरात परत आले. आता आपली वाशीची बिल्डिंग पाडून नवी होणार आहे. सोसायटीने घरं रिकामी करायला सांगितलंय. सामान वाटून घ्यायला धाकटा आला, त्याची लेक आली. तिने खारघरला नवा फ्लॅट घेतलाय. धाकट्याने सरळ भिंतीवरची खाडी उतरवली.

"ताई, हे हिच्या हॉलला. सोफ्याच्या मागे मस्त दिसेल. आईचं बेस्ट काम."

"ते आईचं नाही. माझं आहे."

"तुला हवंय का? मग तसं सांग ना."

"हवंय असं नाही म्हणत. मी काढलंय."

तो हसला. वाईट नाही हसला, लहानपणी हसायचा तसंच. "काहीतरीच काय! कॅलेंडर बघितलंय मी. आणि आईने स्वतः सांगितलंय मला, चिखलात चप्पल गेली होती तिची."

चप्पलही, आई? चप्पलही घेतलीस?

मी त्याला पाण्याच्या रेषा दाखवल्या. बघ, आडव्या आहेत, तिची बाकीची चित्रं बघ. "असेल एखादं आडवं काढलं. ताई, या वयात टेन्शन कशाला घेतेस?" भाची मधे पडली, "आत्या, चिल. आपण खाली दोघींची नावं टाकू ना, आजी आणि आत्या. क्यूट दिसेल." मग धाकटा सहज बोलून गेला, "एवढं आहे तर काढून दाखव ना एक. आम्ही काय नाही म्हणतोय?" चित्र त्यांनी त्या दिवशी नेलं नाही, गाडीत जागा नव्हती.

म्हणून मी बाजारातून ट्यूबा आणल्या. तुझ्या गठ्ठ्यातला उरलेला, कडा पिवळ्या पडलेला कागद घेतला. ओट्यावर काच ठेवली. सुरी गंजली नव्हती, बाबांनी तेल लावून ठेवलेली असणार. राखाडी ओढला, चमक जायची वाट बघितली, सुरी झोपवली आणि ढकलली. कागद सोलला. दुसरा घेतला. रंग वाहून आला. तिसऱ्यावर पातं अडखळलं. दुपार गेली. मनगटच तसं वळेना. एवढ्या वर्षांत ते फक्त लाटणं, पेन आणि कुकरचं झाकण धरायला शिकलेलं. शेवटी वैतागून मी पट्टा ओढला, वरून खाली. तो सुरेख आला. म्हणून आणखी एक ओढला, मग पुढचा, आणि बघता बघता कागदावर तिवरांची खोडं उभी राहिली, पाण्यात त्यांच्या सावल्या सरळ उतरल्या. थांबायला हवं होतं. थांबले नाही. वाळल्यावर ते मी खिडकीपाशी नेलं, तुझं एक चित्र त्याला खेटून धरलं, डोळे अर्धे मिटले. मधली रेघ दिसत नव्हती. शेवटी एकदाची पास झाले मी.

चार दिवसांनी धाकटा गाडी घेऊन आला. तिवरांचं चित्र फ्रिजवर टेकवलेलं. तो पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभाच राहिला. "हे कुठे होतं गं? हे तर त्या खाडीपेक्षा भारी आहे. शेवटी शेवटी आई काय सुधारली होती!" मी सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. पण मग चाळिशी लावून तो इतक्या प्रेमाने त्याच्यावर वाकला, की मी म्हटलं, "कपाटावर होतं." तो म्हणाला, "सही नाही पण. तू कर ना तिच्यासारखी, तुमचं अक्षर सेमच आहे." मी नाही म्हटलं. राहू दे तसंच.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. तू वाचून म्हणाली असतीस, मातकट झालंय जरा. तरी वाटणी कशी केली ते तुला कळलेलं बरं. तिवरांचं चित्र धाकट्याला दिलं, तो तुझं म्हणूनच लावेल. तुझी चार उभी चित्रं, जी तू सिस्टरच्या टेबलावर मांडली होतीस, ती भाचीला दिली, आणि ती कुठे मांडली होतीस ती गोष्टही तिला सांगितली. काच शेजारच्या काकूंच्या सुनेला पोळपाटाखाली हवी होती, ती नेली तिने. सुरी माझ्याकडे. खाडी माझ्याबरोबर भाड्याच्या घरी येईल, माझ्यामागे भाचीने घ्यावी, चप्पल कुणाची गेली तेही मी तिला सांगितलंय, पटो न पटो. काल फ्रेमवाल्याकडून ती उघडून घेतली होती. तुझ्या सहीला हात लावला नाही. कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने माझं नाव लिहिलं, अगदी बारीक, आणि लगेच फ्रेम परत बंद करून घेतली. पुढून लिहायला हात धजला नाही. तू बघशील असं वाटलं.