दारातलं पिंप

आबा,

काल मला पोरांनी वॉटर पार्कात नेलं. तुम्हाला ते काय असतं ठाऊक नसणार, म्हणून सांगते. लोक तिकीट काढून पाण्यात खेळायला जातात. उंच निळ्या घसरगुंड्या असतात, त्यांवरून पाणी सोडलेलं असतं, आणि चांगली मोठी माणसं आरडाओरडा करत वरून खाली येतात. मी सावलीत खुर्चीवर बसून सगळ्यांच्या पिशव्या आणि चपला राखत होते. माझी सून, दोन लेकरांची आई, वरून किंचाळत आली, धप्पकन पाण्यात पडली, नाकातोंडात पाणी गेलं, उठली आणि परत जिना चढायला पळाली. खाली तिचा नवरा, म्हणजे माझा मुलगा, उभा होता आणि टाळ्या वाजवत होता. आबा, टाळ्या वाजवत होता! माझे डोळे भरून आले. नातीला वाटलं आजीला मजा वाटतेय. मजा कसली? मला तुमचा राग आला होता. असा आला की अंगाची नुसती लाहीलाही झाली, आणि आज सकाळपर्यंत तो उतरलेला नाही. म्हणून लिहायला बसले. आता ऐकून घ्या. जिवंत असताना कोणाचं पुरतं ऐकून घेतलं नाहीत, मधेच उठून धोतर झटकून निघून जायचात. आता उठून जायची सोय नाही.

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी चौथीत असेन. आपल्या गावचा पांझरेवरचा बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि त्या पाटावर भिजणारा साऱ्या गावाचा फड, सगळ्यांची वावरं एका पाण्यावर. कोणाच्या वावरात कधी पाणी सोडायचं ते पंच ठरवायचे, आणि पंचांत तुमचा शब्द शेवटचा. पाळी मोडून कोणी रात्री पाणी वळवून घेतलं, तर तुम्ही त्याची पुढची पाळी बंद करायचात. सख्ख्या भावाचीही केली होतीत. तुमच्यासारखा न्यायाचा माणूस पंचक्रोशीत नाही असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचे. शाळेत पोरींना ऐकवायचे, माझे आबा पाण्याचे मालक आहेत म्हणून.

दिवाळीनंतर पाट साफ करायचा दिवस यायचा. घरटी एक गडी कुदळ-फावडं घेऊन उतरायचा, दुपारपर्यंत गाळ निघायचा, आणि मग बंधाऱ्यावरच सगळ्या गावाचं जेवण. आम्हा पोरासोरांची ती जत्राच. बायका गाड्यांतून टोपली-टोपली हिरवी वांगी आणि कळण्याच्या भाकरी घेऊन येतात, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करून त्यात वांगी भाजतात, धूर डोळ्यांत जातो, कोणीतरी शेंगदाणे पळवतं, कोणीतरी शिव्या खातं. आणि बंधाऱ्यावरून पाणी वाहत असतं. खालच्या अंगाला दगडाचा उतार, त्यावर शेवाळ. वर जाऊन बसलं आणि हात सोडले की सर्रकन खालच्या डोहात. पोरं सकाळपासून तेच करत होती. पोरींनाही दहा-अकरा वर्षांपर्यंत कोणी अडवत नव्हतं, म्हणून मीही. परकर मागून फाटला होता, पण शुद्ध कुणाला होती!

त्या वर्षी तुम्ही धुळ्याहून पाटबंधाऱ्याच्या साहेबांना जेवायला बोलावलं होतं. त्यांच्यासाठी बाभळीखाली सतरंजी, त्यावर लोड. तुम्ही सारखे त्यांच्या पुढे-पुढे करत होतात. माय जाळाजवळ बसून वांग्यांची सालं काढत होती, पण तिची नजर पाण्याकडे. माय तापीकाठची. लग्नाआधी ती पुरातही पोहायची, हे मला तिच्या भावानं सांगितलं होतं. तिनं स्वतः कधी नाही. मी वरून ओरडले, "माय, ये ना वं!" बायका हसल्या. एक म्हणाली, "जाय, जाय, भ्यायनी का?" आणि माय उठली. हात धुतले, कासोटा घट्ट केला, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "मी तापीवरनी शे, माले काय भ्याव?"

आबा, ती वर चढून कशी बसली ते तुम्ही पाहिलंच नाही, तुमची पाठ होती. मी पाहिलं. तिनं एकदा डोळे मिटले, आणि सोडलं स्वतःला. खाली आली ती हसत आली. तशी हसलेली मी तिला आधी पाहिली नव्हती आणि घरात पुढेही कधी पाहिली नाही. डोहात बुडाली, लांब जाऊन वर निघाली, केसांचं पाणी निथळत. सगळ्या बायकांनी टाळ्या पिटल्या. मी तर नाचत होते. तेवढ्यात साहेब हसून तुम्हाला म्हणाले, "पंच, तुमची मंडळी फारच हौशी दिसते!" बस. एवढंच. त्यांच्या मनात काहीही नसेल, भरीत खाऊन ढेकर देऊन ते धुळ्याला निघून गेले. तुम्हीही त्यांच्याबरोबर हसलात. ते हसणं मी ओळखायला हवं होतं, पण मी लहान होते आणि माझं सगळं लक्ष मायकडे होतं.

घरी येऊन तुम्ही ओरडला नाहीत. हात उगारला नाहीत. उगारला असतात तर परवडलं असतं हो! दुसऱ्या दिवशी सकाळी सालदार गाडीवर एक लोखंडी पिंप घेऊन आला. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात ते विटांवर बसवलं आणि नदीच्या पाण्यानं भरलं. माय घागर-कळशी घेऊन निघायच्या बेतात होती. तुम्ही तिच्या हातातली कळशी घेतलीत, खाली ठेवलीत आणि शांतपणे म्हणालात, "तुले पानीनी येवढी हौस शे ना? आते पानीच घर येई." एवढं बोलून तुम्ही फडावर निघून गेलात. त्या दिवसापासून मायचं नदीवर जाणं बंद. पाण्याला नाही, धुण्याला नाही, सणाच्या अंघोळीला नाही. धुणं परसात, पाणी पिंपातलं.

आणि सगळ्यात माझा जळफळाट कशानं होतो सांगू? गावानं तुम्हाला डोक्यावर घेतलं. बायकोच्या डोक्यावरची घागर उतरवणारा नवरा! शेजारणी पिंप बघायला यायच्या, त्याच्यावर हात फिरवायच्या, "नशीबनी शे तू, बाई, घरमा पानी येस," म्हणायच्या. माय मान डोलवायची. पण नदीवर सकाळी चार बायका भेटायच्या, सासू-नणंदांची उणीदुणी निघायची, पाय तासभर पाण्यात असायचे. तिच्या आयुष्यात तिचं म्हणून तेवढंच होतं, आबा, आणि तुम्ही नेमकं तेवढंच काढून घेतलंत. वर उपकार केल्याचं नाव झालं तुमचं. मी एकदा विचारलं होतं, आठवतं? तुम्ही जेवत होतात. "आबा, माय नदीवर कधी जाईल?" तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, "पोरीच्या जातीनं पंचाच्या निकालात तोंड घालू नये." माय चुलीकडे तोंड करून बसली होती.

दुपारी सगळं आवरलं की ती पिंपाशी बसायची. बाही वर करून हात कोपरापर्यंत पाण्यात घालायची आणि तशीच बसून राहायची. मी शाळेतून यायचे तेव्हाही तशीच. मग एकदा तुम्ही धुळ्याच्या बाजारातून पिंपाला बसवायला पितळी तोटी आणि घट्ट झाकण आणलंत. म्हणालात, कचरा पडतो, आणि वाकायचाही त्रास नको. भेट होती ती! तुम्ही तिला तशी बसलेली पाहिली होती का, आबा? हा एक प्रश्न मी इतकी वर्षं चघळते आहे. पाहिलं नसेल तर तुम्ही नुसते आंधळे. पाहून आणली असेल तोटी, तर तुमच्यासाठी माझ्याकडे शब्द नाही. झाकण बसल्यावर माय दुपारी निजायला लागली.

माझं लग्न अमळनेरला झालं आणि त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. मी रडले, खोटं कशाला बोलू. पण ते रडणं लवकर आटपलं. मग पहिली आखाजी आली, आमची पोरं तिला अक्षय्य तृतीया म्हणतात. तुमच्या नावाची घागर भरायची होती. नदीचं ताजं पाणी, घागरीवर खरबूज, पुढे पुरणपोळी आणि आमरस. गेलेल्या माणसाला वर्षाचं पाणी त्यातून पोचतं म्हणतात. तुम्हाला मुलगा नाही, म्हणून मी माहेरी आले होते. आखाजीला सालदाराचं साल सरतं. आपला सालदार हिशेब करून आदल्या संध्याकाळी घरी गेला होता, त्यामुळे पाणी आणायला कोणीच नव्हतं. मग मायनं कोरी घागर उचलली आणि चालायला लागली. मी मागोमाग. भर गल्लीतून, पांढऱ्या कपाळानं, पायांत चपला नाहीत. दारादारातून बायका बघत होत्या.

उन्हाळ्यामुळे बंधाऱ्यावरून पाणी पडत नव्हतं, पण वरच्या डोहात होतं. मायनं घागर काठावर ठेवली आणि लुगड्यासकट आत गेली. आधी गुडघाभर, मग छातीभर, मग तिनं पाय उचलले. पलीकडच्या काठापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. सवय मोडली होती, दम लागत होता, पण हात कसा मारायचा ते अंग विसरलं नव्हतं. मी काठावर उभी राहून रडत होते, आणि तुमच्या नावानं बोटंही मोडत होते. ती बाहेर आली, केस पिळले आणि रिकामी घागर तशीच उचलून घरच्या वाटेला लागली. मी म्हटलं, "माय, पानी भरानं ऱ्हायनं." ती चालतच राहिली. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्यासले पिंपनं पानी चाली."

आणि घरी येऊन तिनं तळाशी उरलेलं, गंजाचा वास येणारं पाणी तोटी सोडून घागरीत घेतलं. वर खरबूज ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं, तुमचं नाव घेतलं, डोकं टेकवलं. सगळं रीतसर. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आबा. ती जगली तोवर दर आखाजीला तुम्हाला तेच पाणी मिळालं, आणि ती मात्र रोज नदीवर जात राहिली.

ती गेल्यावर घागरी माझ्याकडे आल्या. मायची मी भरते. कुठेही असले तरी वाहत्या पाण्यापर्यंत जाते, नदीला नसेल तर पाटाचं आणते. तुमची मांडतच नाही. एकदाही मांडली नाही. मायनं निदान पिंपातलं तरी दिलं. मी तेवढंही देत नाही. तुमची पाळी मी बंद केली आहे. शेजारीपाजारी विचारतात, वडिलांची घागर कुठे? मी सरळ सांगते, त्यांना नको आहे.

हे पत्र घागरीसमोर बसून वाचलं असतं, तर कदाचित तुम्हाला पोचलं असतं. पण तुमची घागरच नाही, तेव्हा वाचणार कुठे? घडी करून उशीखाली ठेवते, पोरं उद्या रद्दीत देतील.

फक्त एक. आखाजीला भर दुपारी ऊन डोक्यावर आलं की तुम्हाला तहान लागली असेल असं माझ्या मनात येतं. दरवर्षी येतं. आणि त्या दुपारी मी पाणी पीत नाही.